डिस्क १०० टक्के, वेग शून्य: कंट्रोलरच्या ड्रायव्हरला हात लावण्याआधीची तयारी

मशीन अडखळतंय म्हणून कंट्रोलरचा (डिस्क मशीनला जोडणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर बदलायचाय? आधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप (एन्क्रिप्शन) घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की. बाकी सगळं नंतर. मागच्या वेळी बॅकअप होता, ड्रायव्हर पेनड्राइव्हवर होता, एवढंच कशाला, स्क्रूड्रायव्हरही हाताशी होता. की तेवढी नव्हती, आणि बायोसमधला (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या सेटिंगमधला) एकच पर्याय बदलल्यावर निळ्या पडद्याने ४८ आकडे, म्हणजे तीच की, मागितली. म्हणून ही यादी त्या ४८ आकड्यांपासून सुरू होते आणि मधेमधे पुन्हा तिथेच येणार आहे. कंटाळा आला तरी चालेल.

'आमच्या मशीनवर बिटलॉकर नाहीच' असं ठोकून देऊ नका, बघा. विंडोज ११ होममध्ये त्याला 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात आणि पुष्कळ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगिन केलं की ते न विचारता चालू होतं. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली दिसेल. चालू असेल तर की त्या खात्यात ऑनलाइन ठेवलेली असते. पण कुणाच्या खात्यात? लॅपटॉप दुकानातच सुरू करून दिला असेल तर कदाचित दुकानातल्या पोराच्या, ऑफिसचा असेल तर ऑफिसच्या. हे आज शोधा, मशीन बंद पडल्यावर नाही. एका खात्यात जुन्या मशीनच्याही की पडून असतात, म्हणून की-आयडीची पहिली ८ अक्षरं जुळवून घ्या. मग ६ आकड्यांचे ८ गट कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर टेक्स्ट फाइल करून ठेवली म्हणजे ठेवली नाहीच.

आता मूळ दुखणं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते म्हणून लगेच ड्रायव्हरवर संशय नको. त्याच पानावर वाचण्या-लिहिण्याचा वेग आणि सरासरी प्रतिसादवेळ बघा. १०० टक्के आणि १५० एमबी वेग असेल तर डिस्क बिचारी काम करतेय. १०० टक्के, वेग शून्याजवळ आणि प्रतिसादवेळ शेकडो किंवा हजारो मिलिसेकंद असेल, तर मात्र डिस्क काम करत नाहीये, उत्तराची वाट बघतेय. धड हार्ड डिस्कला १० ते २० मिलिसेकंद लागतात, एसएसडीला साधारण एकच्या आत.

पुरावा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये असतो: 'विंडोज लॉग्स', त्यात 'सिस्टम', आणि क्रमांक १२९ ची गाळणी लावा. 'रीसेट टू डिव्हाइस... रेडपोर्ट०' अशी नोंद दिसली की समजायचं, कंट्रोलरने दिलेल्या हुकमाला वेळेत उत्तर आलं नाही आणि विंडोजने पोर्ट रीसेट केला. मशीन मधेच गोठतं आणि मग काही झालंच नाही असं चालू लागतं, ते याचमुळे. स्रोताच्या रकान्यात 'स्टोरएएचसीआय' असेल तर मायक्रोसॉफ्टचा ड्रायव्हर, 'आयएस्टोर'ने सुरू होणारं नाव असेल तर इंटेलचा. १५३ म्हणजे तेच काम पुन्हा करून बघावं लागलं. ७ दिसला तर मात्र थांबा, तो खराब ब्लॉकचा आहे. तिथे ड्रायव्हर बदलत बसू नका, डेटा काढा.

केबल आणि डिस्क आधी निर्दोष ठरवा, कारण १२९ ची नोंद खराब केबलमुळेही येते. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. ०५ आणि सी५ (खराब आणि संशयित जागांचे आकडे) शून्य हवेत. सी७ हा केबलवरच्या चुकांचा आकडा, आणि तो कधी कमी होत नाही. त्यामुळे तो किती आहे यापेक्षा आज आणि उद्या वाढतो का ते महत्त्वाचं. वाढत असेल तर सॅटा केबल बदला, पोर्ट बदला, आणि इथपर्यंतच थांबा. तिथेच जोडणीचा वेगही दिसतो. सॅटा/६०० च्या जागी सॅटा/३००, म्हणजे निम्मा वेग, असेल तर ड्रायव्हरला दोष देण्याआधी एसएसडी कोणत्या पोर्टात खोचली आहे ते बघा. जागा भरली आहे का, रॅम अपुरी आहे का, हे सांगायला नको.

आधीची मापं लिहून ठेवा. क्रिस्टलडिस्कमार्क (वेग मोजणारं सॉफ्टवेअर), १ जीबी, चार्जर लावून, तीनदा. सॅटा एसएसडीने सलग वाचनात ५०० एमबीच्या वर जायला हवं. पण खरं बघायचं ते सगळ्यात खालच्या ओळीत, ४के आणि रांग एकची, म्हणजे छोटे तुकडे एकेक करून वाचण्याची. तिथे २५ ते ४० एमबी ठीक, आणि हार्ड डिस्कला १ एमबीसुद्धा मिळत नाही तो तिचा स्वभाव आहे, आजार नाही. आधीचा आकडा नसेल तर नंतर 'आता जरा बरं वाटतंय' एवढंच म्हणता येतं, आणि ताज्या रीस्टार्टनंतर सगळंच बरं वाटतं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलरचं नाव, ड्रायव्हरची आवृत्ती आणि तारीख टिपून घ्या. 'स्टँडर्ड सॅटा एएचसीआय कंट्रोलर'पुढे २१ जून २००६ दिसली तर 'अरे, इतका जुना' म्हणून उड्या मारू नका. मायक्रोसॉफ्ट आपल्या सगळ्या अंगच्या ड्रायव्हरवर मुद्दाम हीच तारीख टाकतं, म्हणजे कंपनीचा कोणताही ड्रायव्हर त्यापेक्षा नवा ठरतो. 'रोल बॅक' बटण फिकट असेल तर परत जायला जुना ड्रायव्हर नाही. तेव्हा पीएनपीयुटिल या विंडोजच्या आदेशाने सध्याचे बाहेरचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

नवा ड्रायव्हर मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, तुमच्याच मॉडेलचा. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकट सॉफ्टवेअरं नकोत, कधीच नकोत. पेनड्राइव्हवर नुसती सेटअपची फाइल टाकून भागत नाही. मशीन चालू झालं नाही तर रिकव्हरीच्या पडद्यावर ती फाइल काही कामाची नाही, तिथे उघडलेलं फोल्डर लागतं, ज्यात आयएनएफ आणि सिस फाइली सुट्या दिसतात. इंटेलचं ११ व्या पिढीपासूनचं मशीन व्हीएमडीवर (इंटेलच्या डिस्क हाताळायच्या मोडवर) असेल तर या फोल्डरशिवाय विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही, आणि माणूस डिस्क मेली समजून रडत बसतो. आणि हो, त्या रिकव्हरीच्या पडद्यावरही डिस्क उघडायला पुन्हा कीच लागते. कागद कुठे आहे?

डेटाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर. रिस्टोअर पॉइंट घ्या, पण तो बायोसच्या सेटिंगला परत आणत नाही, म्हणून बायोसच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढा. विंडोज खात्याचा खरा पासवर्ड आठवतो का तेही बघा. सेफ मोडमध्ये पिनवर भिस्त ठेवू नका.

आता बिटलॉकर थांबवणं, आणि खरी गोम इथेच आहे. कंट्रोल पॅनेलमधून 'सस्पेंड' केलं तर ते एकाच रीस्टार्टपुरतं असतं, नंतर आपोआप चालू होतं. एएचसीआयवर (कंट्रोलरच्या साध्या मोडवर, तो बदल खाली येतोच) जायला किमान दोन रीस्टार्ट लागतात, म्हणजे दुसऱ्याला तुम्ही पुन्हा निळ्या पडद्यासमोर. त्यासाठी मॅनेज-बीडीई या आदेशाने प्रोटेक्टर्स डिसेबल करताना रीबूट काउंट ० द्या, म्हणजे तुम्ही सांगेपर्यंत ते थांबलेलंच राहतं. मग स्टेटस विचारून 'प्रोटेक्शन ऑफ' हे शब्द डोळ्यांनी वाचा. हे केलं तरी कागद लागतोच.

यापुढे एका वेळी एकच बदल. मायक्रोसॉफ्टचाच ड्रायव्हर असेल तर आधी एमएसआयचा उपाय. एमएसआय म्हणजे कंट्रोलरने प्रोसेसरला हाक मारायची (इंटरप्टची) एक पद्धत. काही कंट्रोलरचं फर्मवेअर या प्रकारच्या इंटरप्टशी नीट जुळत नाही, हे मायक्रोसॉफ्टनेच मान्य केलंय. डिव्हाइस मॅनेजरच्या 'डीटेल्स'मधून 'डिव्हाइस इन्स्टन्स पाथ' घ्या, रजिस्ट्रीत 'एन्युम'खाली तोच मार्ग गाठा, 'डिव्हाइस पॅरामीटर्स', त्यात 'इंटरप्ट मॅनेजमेंट', आणि शेवटच्या फोल्डरातलं 'एमएसआयसपोर्टेड' १ चं ० करा. त्याआधी ते फोल्डर एक्सपोर्ट करा. दोन कंट्रोलर असतील तर चुकीच्याचा मार्ग उचलू नका. रीस्टार्ट, मापं.

इंटेलचा ड्रायव्हर असेल तर आधी तो नवा घालून बघा. नाहीच जमलं तर बायोसमध्ये रेड (अनेक डिस्क एकत्र जोडायचा मोड) किंवा व्हीएमडी सोडून एएचसीआय, पण खरोखरचं रेड किंवा ऑप्टेन (इंटेलची वेग वाढवणारी मेमरी) जोडलेलं असेल तर अजिबात नाही, डेटा जाईल. क्रम असा: एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूट, रीस्टार्ट करून थेट बायोस, बदल, सेफ मोड, सेफ बूट काढा, रीस्टार्ट. मधली पायरी गाळली तर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस', म्हणजे विंडोजला आपलीच डिस्क सापडत नाही. तसं झालं तर फोटो बघून बायोस पूर्ववत करा, मशीन उठेल.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसीज टॅबमधल्या राइट-कॅश फ्लशिंग बंद करायच्या चौकोनात टिक करू नका. आकडे छान येतात आणि लाइट गेली की फाइली जातात.

पुन्हा तीनदा मापं. दोन दिवस १२९ येतो का बघा.

आणि बिटलॉकर पुन्हा चालू करा. काउंट ० दिला होता, ते आपोआप होणार नाही, आणि तोवर डिस्क उघडायची किल्ली डिस्कवरच उघडी पडलेली असते. स्टेटस: 'प्रोटेक्शन ऑन'.