८ इंची टिनचा फ्रूट केक ६ इंचीत: कडा करपतात, मध्य कच्चा राहतो

घरच्या ८ इंची कृतीचा केक ६ इंची टिनमध्ये करताना दरवेळी हेच व्हायचं: कडा काळ्या, वर भेग आणि पोटात ओलं पीठ. रममध्ये भिजवलेले बेदाणे, काजू, टूटीफ्रूटी तीनदा वाया गेली, फार जीव हळहळला. तापमान वाढवलं, वर फॉइल झाकली, मग ६/८ म्हणून पाऊण प्रमाण घेतलं. काही उपयोग झाला नाही.

चूक त्या पाऊण प्रमाणातच होती. टिनची उंची तीच असेल तर व्यास नव्हे, क्षेत्रफळ मोजायचं: ६×६ म्हणजे ३६, भागिले ८×८ म्हणजे ६४, उत्तर ०.५६.

आधी प्रत्येक जिन्नस ०.५६ ने गुणला. २२५ ग्रॅम लोणी १२६ झालं, २७५ ग्रॅम मैदा १५४, ८०० ग्रॅम सुकामेवा ४४८. चार अंड्यांची सव्वादोन होतात. म्हणून तीन फोडून फेटली आणि एका अंड्याचे ५० ग्रॅम धरून त्यातलं ११२ ग्रॅम वजन करून घेतलं. (इथे अंदाज नकोच.) टिनला आतून बटर पेपरचे दोन थर, बाहेरून जाड खाकी कागदाचा पट्टा सुतळीने बांधला. मिश्रण भरून मध्यभागी चमच्याने किंचित खळगा केला. ओव्हन १५० अंशांवरच ठेवला, वेळ मात्र कमी: मूळ तीन तास, इथे दीड तासानंतर दर दहा मिनिटांनी सुई घालून पाहिली. एक तास पन्नास मिनिटांनी ती कोरडी निघाली. केक टिनमध्येच पूर्ण गार होऊ दिला.