वीजपुरवठ्याचे डिझाइन शिकताना तळाचे व्होल्टेज पाहा
बडोद्यात मकरपुऱ्याच्या कारखान्यांत नव्याने लागलेली मुले थेट एसएमपीएसकडे (स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठ्याकडे) वळतात. माझे आग्रहाचे सांगणे असे, की आधी ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचे डीसी करणारे चार डायोड), कपॅसिटर आणि ७८०५ (५ व्होल्ट स्थिर देणारा रेग्युलेटर) एवढाच पुरवठा कागदावर पूर्ण गणितासह मांडावा. तयार सर्किट उतरवून घेणाऱ्याला आकडे कोठून आले हे कधीच कळत नाही.

मी फार काळ अडकलो तो एका साध्या जागी. कपॅसिटरवर लावलेला मल्टिमीटर सरासरी दाखवतो. रेग्युलेटरला मात्र कपॅसिटर भरताना-रिकामा होताना उठणाऱ्या लहरीच्या तळावर, म्हणजे तिच्या सर्वांत कमी व्होल्टेजवर, जगावे लागते. ९ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचे शिखर सुमारे १२.७ व्होल्ट असते आणि ब्रिजच्या दोन डायोडांत साधारण २ गेले, की १०.७ उरतात. ५० हर्ट्झवर कपॅसिटर दर १० मिलिसेकंदांनी भरतो, त्यामुळे १ अँपिअर भाराला ४७०० मायक्रोफॅरडवर सुमारे २.१ व्होल्टची घसरण धरावी, तळ ८.६. ७८०५ ला आत साधारण ७ लागतात, म्हणजे सारे ठीक वाटते. पण मेन्स (घरात येणारी वीज) २३० व्होल्टवरून २०० वर आली, की हाच तळ ६.९ वर येतो. मीटर तेव्हाही आठच्या आसपास दाखवतो, आणि आउटपुटमध्ये १०० हर्ट्झची गुणगुण शिरते. शिवाय इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची किंमत २० टक्क्यांनी कमी निघू शकते, हेही धरा.

यावर १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला, तर १ अँपिअरला ७८०५ मध्ये सुमारे ९ वॅट उष्णता होते आणि मोठ्या हीटसिंकवाचून तो स्वतःच बंद पडतो. ही ओढाताण कोणालाच चुकत नाही. तिच्यात वेळ गेला म्हणून खचू नका. तुमचा बोर्ड स्वतः दुरुस्त करून देणाऱ्या वरिष्ठापेक्षा “तळ किती?” एवढेच विचारणारा वरिष्ठ शोधा.

डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) मेन्स खाली आणून ही चाचणी जरूर करा, मात्र डिमरस्टॅट मेन्सपासून विलग करत नाही. एसएमपीएसच्या प्राथमिक बाजूला ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहू शकतात. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसताना ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप तेथे लावू नये, आणि पहिल्यांदा वीज देताना फिलामेंटचा सिरीज बल्ब लावल्याशिवाय बोर्ड चालू करू नये.