सामुदायिक रेडिओची सल्लागार समिती : पहिल्या बैठकीआधीची तयारी

सामुदायिक रेडिओ केंद्राला सल्लागार व आशय समिती नेमावीच लागते. कागदावर ती सगळीकडे असते, पण सदस्य आपलं केंद्र ऐकतात का, हे क्वचितच कुणी विचारतं. म्हणून पहिल्या बैठकीआधी महिनाभर हाताशी ठेवा.

आधी माणसं ठरवा. २०२४च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार किमान निम्म्या सदस्य महिला हव्यात, म्हणजे अकरा जणांत सहा. आशाताई, बचतगटाच्या सचिव, शेतमजूर, शाळेतले गुरुजी, वाड्यावस्त्यांवरचं कुणीतरी आणि एखादा अंध श्रोता (याच्याइतकं बारकाईनं कुणी ऐकत नाही) अशी नावं काढा. पक्षाचे पदाधिकारी टाळा. एक आला की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं आणि पुढे प्रत्येक मुलाखतीचा हिशोब मागितला जातो. बाईचं नाव यादीत आणि बैठकीला तिचे यजमान, हा प्रकार पहिल्याच वेळी थांबवा. बहुतेकदा दोष वेळेचा असतो. सकाळी अकराला रानात काम असतं, संध्याकाळी चूल. दुपारी दोन ते चार ही वेळ धरा आणि येण्याजाण्याचं भाडं हातात द्या.

नेमणूकपत्रात मुदत लिहा. दोन वर्षं पुरेत, मात्र सगळे एकदम बदलू नका. समिती सल्ला देते. प्रसारणाची कायदेशीर जबाबदारी परवानाधारक संस्थेचीच राहते, हेही त्याच पत्रात असू द्या. नाहीतर सदस्य रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत हात घालू लागतात.

मग ऐकण्याची सोय करा. प्रत्येक सदस्याला पंधरा दिवस आधी एक वही आणि ठरलेला एक तास द्या. वहीत चारच रकाने ठेवा : तारीख, कार्यक्रम, आवाज कसा आला, घरातल्यांनी काय म्हटलं. मोबाइलवर ऐकणाऱ्याला वायरचा हेडफोन लागतो, कारण ती वायरच अँटेनाचं काम करते. हे न सांगितल्यास ‘स्टेशन लागत नाही’ अशा खोट्या तक्रारी जमतात. १०० वॅट प्रक्षेपणाचा पल्ला साधारण ५ ते १० किलोमीटर धरतात, पण डोंगराआडची वाडी दोन किलोमीटरवरही कोरडी राहू शकते. अशा जागा सदस्यांकडून नकाशावर खुणा करून घ्या. तंत्रज्ञाला याच खुणा लागतात.

विषयपत्रिका आठ दिवस आधी पोचवा. सोबत एक पान नियमांचं जोडा : निम्मा तरी आशय स्थानिक लोकांच्या सहभागातून हवा, जाहिराती तासाला १२ मिनिटांपर्यंतच, स्वतःच्या राजकीय बातम्या नाहीत. पाणी कधी सुटणार, वीज कधी जाणार, परीक्षा, जत्रा हे मात्र चालतं. हे पान नसलं की अर्धी बैठक ‘गावच्या राजकारणावर का बोलत नाही’ यातच जाते.

बैठकीत तीन ध्वनिफिती वाजवायची तयारी ठेवा, प्रत्येकी चार मिनिटांची. त्यातली एक मुद्दाम फसलेली असू दे. कौतुकाच्याच फिती लावल्या तर माणसं मान डोलावून घरी जातात. स्पीकर आणि बॅटरी आदल्या दिवशी तपासा.

इतिवृत्तात प्रत्येक सूचनेपुढे ‘केलं’, ‘करणार’ किंवा ‘नाही, कारण…’ लिहायला जागा सोडा आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच पानानं करा. ती बैठक दोन महिन्यांच्या आत धरा. प्रसारित कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं तीन महिने जपण्याचं बंधन आहे; बैठक त्यापुढे ढकलली की ज्यावर तक्रार आली, तोच कार्यक्रम नेमका पुसला गेलेला असतो.