कोल्ड हेड गार झालं म्हणजे कॅथोड गार झाला असं नाही

क्रायोजेनिक इलेक्ट्रॉन गनचा (अतिथंड कॅथोडवर लेझर मारून इलेक्ट्रॉनांचा झोत काढणाऱ्या यंत्राचा) आराखडा कुणी दाखवायला आणला की मी आधी एकच विचारतो: तापमानाचा सेन्सर कुठे बसवलाय? उत्तर बहुतेक ठरलेलं, कोल्ड हेडवर, म्हणजे शीतकयंत्राच्या थंड टोकावर. पडद्यावर 20 केल्विन दिसले की मंडळी खूश. पण कॅथोड असतो पकवर (काढता-घालता येणाऱ्या चकतीवर), पक होल्डरमध्ये, होल्डर सफायरच्या तुकड्यावर, आणि दर सांध्याला तापमान चढत जातं. निर्वातात दोन धातू नुसते टेकवले तर ते मोजक्या बिंदूंवरच भेटतात.

याची किंमत मीही मोजली आहे. उंबरठ्याजवळचा, म्हणजे इलेक्ट्रॉन जेमतेम सुटेल इतक्याच ऊर्जेचा लेझर वापरला तर एमटीई (इलेक्ट्रॉनांची सरासरी आडवी ऊर्जा, कमी तितकी चांगली) खोलीच्या तापमानाला 25 मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट आणि 20 केल्विनला 2 च्या खाली यायला हवी. आमची 8 वरून हलेना. तीन आठवडे झोत एकवटणाऱ्या सोलेनॉइडला आणि लेझर स्पॉटला शिव्या घातल्या. शेवटी पक उपसला, तर होल्डरमधलं, सांध्यातून उष्णता नीट वाहावी म्हणून घातलेलं इंडियम फॉइल ओघळून कडेला त्याची गोळी झालेली! चांगल्या निर्वातासाठी सगळं 200 अंश सेल्सिअसवर बेक केलं होतं, इंडियम 157 लाच वितळतं. कॅथोड जेमतेम 90 केल्विनला पोचत होता. तेव्हापासून फॉइल बंद, कडक स्प्रिंगचा दाब. आणि सेन्सर लावलेला डमी पक घालून, हाय व्होल्टेज बंद ठेवून एक पूर्ण कूलडाउन केल्याशिवाय खरा कॅथोड आत जात नाही.

दुसरी चूक उतावळ्यांची: कॅथोड आधी गार करणं. चेंबरमधली सर्वांत थंड जागा उरलासुरला वायू धरते, 10⁻¹¹ टॉर इतक्या कमी दाबालासुद्धा. मी कॅथोडभोवतीची शील्ड रात्रभर गार होऊ देतो, कॅथोड सकाळी. गरम करताना मात्र आधी कॅथोड.

गॅलियम आर्सेनाइडच्या कॅथोडची क्वांटम एफिशियन्सी (दर फोटॉनमागे सुटणारे इलेक्ट्रॉन) थंडीत कोसळली की लगेच इलेक्ट्रॉन सुटणं सोपं करणारा सीझियमचा थर पुन्हा चढवायला धावू नका. बँड गॅप (प्रकाश शोषायला फोटॉनकडे लागणारी किमान ऊर्जा) 1.42 वरून 77 केल्विनला 1.51 इलेक्ट्रॉनव्होल्ट होते, मग 850 नॅनोमीटरचा लेझर पुरा पडत नाही. आधी तरंगलांबी बदलून बघा.

300 मिलिमीटरचा स्टेनलेस दांडा 77 केल्विनला 0.8 मिलिमीटरने आखडतो, अलाइनमेंट करताना ते धरा.

कोल्ड हेडची थरथर तांब्याच्या लवचीक वेणीने तोडा.

हाय व्होल्टेज कंडिशनिंग (व्होल्टेज हळूहळू चढवून गनला ते सोसायची सवय लावणं) कोऱ्या पकवरच. ‘एकदाच तर करायचंय’ म्हणून चांगला कॅथोड आत ठेवलात, तर एका आर्कमध्ये त्याचा थर गेला समजा.