समोरची डिवचते तेव्हा काय करायचं: कबड्डीच्या मैदानावरून

अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत मी 19 वर्षं मुलींना कबड्डी शिकवते. घोट्याची पकड, साखळी, बोनस हे सगळं पहिल्या दिवसापासून शिकवत आले. राग कसा सांभाळायचा हे मात्र एका हरलेल्या सामन्यानंतर शिकवायला लागले.

अंतिम सामना होता. आम्ही दोन गुणांनी पुढे, चार मिनिटं बाकी. समोरची चढाईपटू आमच्या डाव्या कोपऱ्यातल्या मुलीला प्रत्येक चढाईत हळूच एकच वाक्य म्हणायची: ‘तुन्हा बाप हमाल शे ना वं?’ वडील खरंच मार्केट यार्डात हमाली करतात. पुढच्या चढाईत आमच्या पोरीने तिचा घोटा असा धरला की पंचांनी लगेच गुण दिला. तिथे गोष्ट संपली होती. पण शिट्टी झाल्यावर पोरीने तिच्या पाठीत गुडघा घातला. पिवळं कार्ड, दोन मिनिटं बाहेर. कोपरा उघडा पडला, आमच्यावर लोण (सगळा संघ बाद) चढला आणि सामना गेला. परत येताना गाडीत ती रडत म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही लक्ष देऊ नको म्हणाल्या होत्या, पण ऐकू येतंच ना.’

तिचं बरोबर होतं. ‘लक्ष देऊ नको’ हा सल्ला आजच सोडून द्या. त्याऐवजी हाताला आणि तोंडाला काम द्या, आणि ते सरावात इतक्या वेळा करून घ्या की सामन्यात आठवावं लागणार नाही.

आम्ही असं करतो. टोमणा ऐकू आला की मुलगी आपल्या कोपऱ्यात मागे येते, खाली वाकते, चिमूटभर माती दोन्ही तळहातांवर चोळते. चोळताना श्वास हळू सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. मग शेजारच्या गड्याला पुढच्या चढाईबद्दल मोठ्याने सांगायचं: ‘तिसरी चढाई आहे’ (म्हणजे दोन रिकाम्या चढायांनंतरची, तिला गुण आणावाच लागतो), ‘उजवा पाय टाकते’. चढाई 30 सेकंदांची असते. आपण समोरचीचा पाय बघून शेजारणीला काहीतरी सांगत असलो की आपल्या बापाबद्दलच्या वाक्याला उत्तर द्यायला जीभ मोकळी राहत नाही. मॅटवर माती नसते, तिथे गुडघ्याची पट्टी वर ओढायची. कृती कुठलीही चालेल, पण ठरलेली आणि रोज तीच हवी.

याचा सराव दर गुरुवारी. मोठ्या मुली रेषेबाहेर बसतात आणि खेळणाऱ्यांना डिवचतात. वाक्यं आधी वहीत लिहिलेली असतात, सामन्यांत खरोखर ऐकलेली. जात, अंग, रंग, घर यावरचं एकही वाक्य मी सरावात वापरू देत नाही. ‘दम सरी गया का?’ (दम संपला का?), ‘मागच्या वर्षी रडली होतीस ना?’ एवढ्यावरही नव्या मुलींचे कान लाल होतात. पहिल्या गुरुवारी कुणीतरी हमखास मैदान सोडून जातं. जाऊ द्या, दहा मिनिटांनी परत बोलवा आणि विचारा: नेमकं कुठलं वाक्य लागलं? ज्या वाक्याचं नाव घेता आलं, त्याची धार तिथेच थोडी कमी होते. हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय.

मुलींना उदाहरणं लागतात, कारण टीव्हीवर बघून त्या वाटेल ते उचलतात. मी बंगळुरूचा 9 मार्च 1996 चा विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना दाखवते. पाकिस्तानला 288 हव्या होत्या आणि सुरुवात धडाक्यात झाली होती. आमिर सोहेलने वेंकटेश प्रसादला चौकार मारला आणि बॅटने सीमारेषेकडे बोट दाखवलं. पुढच्याच चेंडूवर तसाच जोरदार फटका मारायला गेला, ऑफ स्टंप उडाला. 55 वर बाद. पाकिस्तान 39 धावांनी हरलं. मी विचारते, चौकार मिळाल्यावर त्याला बोट दाखवायची गरज काय होती? मुली बरोबर सांगतात: आता मोठाच फटका मारायचा असं त्याने स्वतःलाच बांधून घेतलं. बाद झाल्यावर प्रसाद जे बोलले त्यावर मुली टाळ्या वाजवतात, तेव्हा हेही सांगते की आज असा निरोप दिला तर आयसीसीच्या आचारसंहितेत तो गुन्हा ठरतो. गुण मिळाला की तोंड आपल्या गड्यांकडे करून ओरडायचं, समोरच्यांकडे बघून मांडी थोपटायची नाही.

घरच्यांवरून बोललं तर काय होतं, त्याला 2006 ची बर्लिनमधली फुटबॉल विश्वचषकाची अंतिम लढत आहे. इटलीचा मातेराझी बहिणीवरून बोलला, फ्रान्सच्या झिदानने 110 व्या मिनिटाला त्याच्या छातीत डोकं घातलं. लाल कार्ड. झिदानचा तो शेवटचा सामना आणि पेनल्टीवर इटली जिंकली. आमच्या त्या कोपऱ्यातल्या मुलीने हा व्हिडिओ तीनदा लावायला सांगितला.

पंचांवरचा राग वेगळा शिकवावा लागतो, कारण तिथे कधीकधी मुलगी खरंच बरोबर असते. हरमनप्रीत कौर माझ्या मुलींची देवी. जुलै 2023 मध्ये ढाक्यात बाद दिल्यावर तिने बॅटने स्टंप उडवले, नंतर पंचांवर जाहीर टीका केली. दोन सामन्यांची बंदी आली आणि आशियाई स्पर्धेतला उपांत्यपूर्व व उपांत्य सामना तिला बाहेर बसून बघावा लागला. मुलांना मी फेब्रुवारी 2025 ची महाराष्ट्र केसरी सांगते. चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींनी ही गदा 2014 पासून सलग तीनदा आणली, त्यामुळे खान्देशात तिचा मान मोठा. त्या वर्षी अहिल्यानगरला शिवराज राक्षेने निकालावरून पंचाला लाथ मारली. तीन वर्षांची बंदी आली. निकाल चूक की बरोबर हा मुद्दाच मग मागे पडला. म्हणून आमच्याकडे पंचांशी फक्त कर्णधार बोलते, हात मागे बांधून, एकच वाक्य.

एक गोष्ट मात्र सहन करायला मी कुणालाही सांगत नाही. जातीवरून किंवा अंगावरून शिवी आली तर मुलीने तिथेच हात वर करायचा, कर्णधाराने पंचांना शब्द जसाच्या तसा सांगायचा, आणि मी तो वहीत वेळेसकट लिहून सामन्यानंतर आयोजकांकडे लेखी देते. मुलगी माती चोळून गप्प राहिली पाहिजे असं इथे म्हणणं म्हणजे तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय.

आणि आपल्याच मुलीचा तोल गेला तर? सगळ्यांसमोर झापू नका. बाहेर बसवा, पाणी द्या, शेजारी बसा, बोलू नका. सामना संपल्यावर तिने समोरच्या मुलीकडे स्वतः जायचं, त्याच दिवशी, मैदान सोडायच्या आधी. मी दहा पावलं मागे उभी राहते.

त्यानंतर मोबाईल. हरलेल्या संध्याकाळी एक स्टेटस पडतं, त्याला समोरच्या गावातून उत्तर येतं, मग दोन्हीकडचे भाऊ उतरतात आणि पुढच्या स्पर्धेत मैदानाबाहेर राडा होतो. म्हणून गाडीत बसतानाच सगळे मोबाईल माझ्या पिशवीत येतात, पालकांना मी माझ्या फोनवरून कळवते, आणि गाव आल्यावर प्रत्येकीच्या आईच्या हातात तिचा तिचा मोबाईल देते.