कम्युनिटी सॉफ्टवेअरवर कारखान्याचा हिशेब टाकण्याआधी काय तपासाल?

वागळे इस्टेट असो की रबाळे-महापेची एमआयडीसी, छोट्या कारखानदाराशी कम्युनिटी सॉफ्टवेअरवर, म्हणजे कोड खुला ठेवून अनेकांनी मिळून बनवलेल्या 'ओपन सोर्स' सॉफ्टवेअरवर, बोलणं निघालं की ठरलेला प्रश्न येतो: "ओपन सोर्स स्टेबल असतं का हो?" असं सरसकट उत्तर देता येत नाही. सॉफ्टवेअर कुठलं, व्हर्जन कुठलं आणि ते सांभाळणार कोण, यावर सगळं अवलंबून. बिलिंग किंवा स्टॉक त्यावर टाकायचा असेल तर पुढच्या क्रमानं जा.

आधी व्हर्जनचा नंबर बघा. मागे अल्फा, बीटा किंवा आरसी लागलं असेल, म्हणजे ते अजून चाचणीतच असेल, तर विषय संपला. 'स्टेबल' लिहिलेलं असलं तरी नवं मोठं व्हर्जन आल्या आल्या घेऊ नका, दोन-तीन दुरुस्त्या येऊ द्या. २०२४ मध्ये लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीममधल्या एक्सझेड या छोट्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी चोरदरवाजा घुसवला. तो ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या व्हर्जनमध्ये होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे एका इंजिनिअरनं खणून काढलं म्हणून तो सापडला. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या स्टेबल, म्हणजे पारखून घेतलेल्या, शाखेत ही व्हर्जन पोचलीच नव्हती, त्यामुळे तिथले लोक वाचले.

मग दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार ती तारीख शोधा. पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसच्या प्रत्येक मोठ्या व्हर्जनला ५ वर्षं मिळतात, उबंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराच्या एलटीएसला, म्हणजे लांब मुदतीच्या व्हर्जनलाही, तेवढीच. अर्थात तारीख बदलूही शकते. सर्व्हरवर चालणाऱ्या सेंटओएस ८ या लिनक्सचा सपोर्ट २०२९ पर्यंत चालेल असं धरून लोकांनी सर्व्हर बसवले आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २०२१ अखेर तो बंद. म्हणून प्रकल्पाचे निर्णय एका कंपनीच्या हातात आहेत की फाउंडेशनच्या, तेही बघून ठेवा.

पुढचं काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त कळतं ते इथेच. प्रकल्पाची तक्रारींची यादी उघडा. आकडा हजारांत असला तरी बिचकू नका, वापर जास्त तिथे तक्रारीही जास्त. डेटा लॉस, डुप्लिकेट, राँग स्टॉक असे शब्द टाकून शोधा आणि अशी तक्रार मिटायला किती दिवस लागले ते पाहा. बटणाचा रंग चुकल्याची तक्रार वर्षभर पडून असेल तर असू दे. साठ्याचा आकडा चुकतोय आणि सहा महिने तिकडे कुणी फिरकलेलं नाही, तर मी पुढे जाणार नाही. दुरुस्त्या करणारी नावंही मोजा. एकच माणूस सगळं ओढत असेल तर तो थकला की प्रकल्प थांबला.

'कम्युनिटी एडिशन'मध्ये, म्हणजे फुकट मिळणाऱ्या आवृत्तीत, काय वगळलंय, हे नीट वाचा. ओडू या धंद्याचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कम्युनिटी एडिशनमध्ये पूर्ण अकाउंटिंग येत नाही. तशाच ईआरपीनेक्स्टमध्ये व्हर्जन १४ पासून जीएसटीचं काम इंडिया कम्प्लायन्स या वेगळ्या ॲपकडे गेलंय, म्हणजे दोन्हींची व्हर्जन जुळवत बसावं लागतं. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे प्रत्येक बदल कधी झाला याची नोंद, सक्तीचा आहे, आणि तो बंद करता येता कामा नये. सीएंना समोर बसवूनच हे तपासा.

आता चाचणी. डेमो डेटावर सगळंच छान चालतं, म्हणून एका जुन्या पीसीवर आपली गेल्या दोन महिन्यांची खरी बिलं आणि चलनं चढवा. समजा ५०० किलो माल प्लेटिंगला पाठवला, तीन खेपांत ४९४ परत आला. उरलेले ६ किलो जॉबवर्कवाल्याकडे दिसतात, घटीत दिसतात की गायबच होतात? जुन्या बिलाचा दर बदला, एखादं बिल रद्द करा, साठा पुन्हा जुळवा. बिल सेव्ह होत असताना प्लग ओढा (यूपीएसचे लोक रागावतील, रागावू देत) आणि अर्धवट नोंद राहते का बघा. मग बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून पाहा. घेतलेला पण कधीच चढवून न पाहिलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही. याच वेळी लेजर आणि स्टॉक एक्सेलमध्ये पूर्ण बाहेर काढता येतो का तेही तपासा. उद्या दुसरीकडे जायचं झालं तर तेवढंच हाती राहील.

सांभाळायला ठाणे-बेलापूर पट्ट्यात माणसं मिळतात, मात्र फोन करता येतील असे किमान दोघे हवेत. 'आमचा एक पोरगा बघतो' यावर विसंबू नका. सगळं पटलं तरी महिनाभर जुनी पद्धत सोबत चालू ठेवा आणि महिनाअखेरीचे दोन्हीकडचे आकडे ताडून पाहा. पुढची अपग्रेड आधी कॉपीवर करून बघायची. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांनी ११ तारखेचा जीएसटीआर-१ आणि २० तारखेचा ३बी भरून झाल्यावरच खऱ्या सर्व्हरला हात लावावा.