गोव्यात रॉक कॉन्सर्टचा मंच उभारताना या चुका टाळा

रॉक बँडचा दौरा गोव्यात येतो, तेव्हा बँडचे तंत्रज्ञ आराखडे घेऊन विमानाने उतरतात. केबली ओढणारे हात मात्र पेडणे, डिचोली, सत्तरीकडचे असतात आणि ते पुष्कळदा आदल्या रात्री एखाद्या जत्रेतील नाटकाचा आवाज सांभाळून आलेले असतात. पडद्यामागच्या या कामात मी अनेक हंगाम काढले. माझ्या आठवणीतले बिघडलेले कार्यक्रम वादकांमुळे क्वचितच बिघडले. बहुतेक ठिकाणी घोटाळा दुपारी, वीज जोडतानाच झालेला होता.

सर्वांत गंभीर चूक अर्थिंगची, म्हणजे यंत्रातील गळकी वीज तारेने जमिनीत नेण्याच्या व्यवस्थेची. गायक एका हाताने गिटारच्या तारा धरून मायक्रोफोनला ओठ लावतो आणि त्याला झिणझिण्या येतात, तेव्हा बहुधा गिटारचा अॅम्प्लिफायर एका जनरेटरवर आणि मिक्सर दुसऱ्याच जोडणीवर असतो, किंवा स्पीकरमधील घरघर घालवण्यासाठी कोणीतरी प्लगची अर्थची पिन काढून टाकलेली असते. घरघर जाते, पण पुढे यंत्रात बिघाड झाला, तर विजेला माणसाच्या शरीराखेरीज वाट उरत नाही. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये स्वान्सी येथे अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मंचावरच मरण पावला. म्हणून मंचावरील सारी ध्वनियंत्रणा एकाच वितरण पेटीवरून चालवावी, तेथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा, घरघर घालवायला डीआय बॉक्सवरील (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरील) ग्राउंड लिफ्टचे, म्हणजे फक्त ध्वनीच्या केबलमधील अर्थ तोडणारे बटण वापरावे आणि मायक्रोफोनची जाळी व गिटारची तार यांमधील एसी व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे. ते शून्याच्या जवळ आल्याशिवाय साउंडचेक (कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी) सुरू करू नये, मग आयोजक कितीही ओरडोत.

येथील जमीन या कामात साथ देत नाही. सड्यावरचा (खडकाळ पठारावरचा) जांभा पावसाळा सरला की वाळत जातो आणि कोरड्या जांभ्यात हातभर ठोकलेली सळई नावापुरतीच अर्थ असते. ओल लागेपर्यंत खोल जावे. ते जमत नसेल तर अंतर ठेवून अनेक सळया ठोकून त्या एकमेकींना जोडाव्यात आणि अर्थ टेस्टर लावूनच खात्री करून घ्यावी.

थ्री-फेज जोडणीत (तीन वीजवाहक तारांच्या जोडणीत) न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजना सामाईक असलेली परतीची तार, सैल राहिला, तर कमी भार असलेल्या फेजवरचे व्होल्टेज २३० वरून ४०० च्या दिशेने चढते. दिवे अचानक प्रखर झाल्याचे पाहून लोक खूश होतात, तोवर कीबोर्ड जळालेला असतो. म्हणून पेटीतील प्रत्येक फेज, भार टाकण्यापूर्वी आणि टाकल्यावर, मोजून पाहावा. अमेरिकेतून आलेल्या सामानासाठी १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला की काम झाले, असे समजू नये, कारण तो वारंवारता बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी बनवलेला जुना हॅमंड ऑर्गन आपल्याकडील ५० हर्ट्झवर सुमारे तीन अर्धस्वर (सेमिटोन) खाली वाजतो आणि वादक मात्र ट्यूनरकडे संशयाने पाहत बसतो.

वाऱ्याचाही हिशेब ठेवावा लागतो. किनाऱ्यावर दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे उलटे वाहतात. त्यामुळे दुपारी जमवलेला आवाज मागच्या रांगांना रात्री तसाच ऐकू येईल, हे गृहीत धरू नये. मुख्य स्पीकरपासून ४० मीटर मागे, दूरच्या रांगांसाठी उभारलेल्या स्पीकरच्या टॉवरला सुमारे ११५ मिलिसेकंदांचा विलंब दिला नाही, तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

वेळापत्रक शेवटच्या वेळेपासून मागे मोजत आखावे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात. राज्य सरकारने सवलत दिलेल्या मोजक्याच दिवशी ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढते. दुपारी साउंडचेक तासभर लांबला, तर तो तास शेवटच्या, म्हणजे तिकिटे ज्याच्या नावावर खपली त्या बँडच्या वाट्यातून जातो. ड्रम चाकांच्या रायझरवर (उंच चौथऱ्यावर) मायक्रोफोनसह आधीच जोडून ठेवले, तर दोन बँडमधील अदलाबदल बरीच लवकर होते.

कार्यक्रम संपल्यावर आधी अॅम्प्लिफायर, मग मिक्सर बंद करावा. वाळूत पडलेल्या केबली तशाच गुंडाळून ट्रकमध्ये टाकू नयेत. खाऱ्या ओलीने कनेक्टरच्या पिना गंजतात. त्या त्याच रात्री कोरड्या फडक्याने पुसून, दुसऱ्या दिवशी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ठेवाव्यात.